जुनी पिकअप पुन्हा कामाला लावताना



कार्यक्रमाकडे आलेल्या पत्रांत एका श्रोत्यांनी विचारले आहे : "आमच्या वडिलांच्या वेळची जीपच्या तोंडाची महिंद्रा पिकअप चार वर्षांपासून गोठ्याच्या कडेला उभी आहे. भंगारवाला दर आठवड्याला दारात येतो. मुलगा म्हणतो, रंगवू, रुंद टायर घालू, झकास दिसेल. मी काय करावे?"

खते-बियाण्यांचा सल्ला देणाऱ्याने गाडीच्या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. पण शेतातला माल बाजारात नेण्याचा खर्च हा उत्पादनखर्चच आहे. खताची एक गोणी वाचवायला आपण माती तपासतो आणि भाड्याच्या गाडीला वर्षभर किती दिले याची नोंद मात्र घरात सापडत नाही. शिवाय अशीच एक पिकअप आमच्याही घरी आहे, आणि तिच्यावर पैसे घालताना आम्ही जी चूक केली ती दुसऱ्याने करू नये असे मनापासून वाटते.

पहिले काम वही-पेन्सिलीचे

गाडीला हात लावण्याआधी एक हिशेब मांडा. वर्षात खेपा किती होतील? समजा ९० होतील. भाड्याच्या गाडीला एका खेपेचे १,८०० रुपये पडतात आणि आपल्या गाडीला डिझेल-ऑइल धरून ९०० लागतात. म्हणजे खेपेमागे ९०० वाचले, वर्षाला ८१,०००. आता यातून विमा, कर, फिटनेस आणि टायरची झीज वजा करा. समजा ती ३५,००० आहे. हातात राहिले ४६,०००. तीन वर्षांचे झाले १,३८,०००. एवढ्या रकमेच्या आत दुरुस्ती बसत असेल तर गाडी उभी करण्यात अर्थ आहे. हे आकडे फक्त रीत समजावी म्हणून घेतले आहेत, आपापल्या गावचे भाव घालून पाहा.

आता हाच हिशेब ३५ खेपांचा करा. वाचले ३१,५०० आणि वरचा खर्च ३५,०००. म्हणजे दुरुस्ती फुकट झाली तरी गाडी तोट्यातच. अशा घरी गाडी विकलेली बरी, मग ती वडिलांची आठवण का असेना. किंवा शेजारच्या दोघा-तिघांचा माल एकत्र न्यायचे आधी पक्के ठरवा आणि नंतर गाडी खोला.

कागद आधी, पाना नंतर

आरसी बुक, विमा, फिटनेस, भरलेला कर आणि पर्यावरण कर, सगळे काढून एका पिशवीत ठेवा. आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या ठोकलेल्या नंबराशी स्वतः ताडून बघा. गंज आणि ग्रीस चढलेले असते, म्हणून डिझेलच्या फडक्याने पुसा. नंबरावर ग्राइंडर किंवा खरखरीत ब्रश कधीही चालवू नका, अक्षर पुसले तर पुढे फार त्रास होतो. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा राहिला असेल तर ना-हरकत पत्र घेऊन तो आधी उतरवून घ्या. कर्ज फिटून वीस वर्षे झाली तरी बोजा कागदावर तसाच असतो, असे पुष्कळ घरी आढळते. वडील हयात नसतील तर गाडी वारसाच्या नावावर करणे हेही याच वेळी उरका.

पिकअप ही मालवाहू गाडी. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागते, आणि तिची फी गाडीच्या वयाप्रमाणे चढत जाते. १५ वर्षांवरच्या गाड्यांची फी २०२२ पासून बरीच वाढली आहे. तेव्हा आरटीओ कार्यालयात जाऊन आजचा आकडा विचारा आणि तोच वहीत लिहा, गावच्या पारावर ऐकलेला नको. ज्या गाडीचे एकूण भारासह वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही तिला मालवाहतुकीचा परवाना वेगळा लागत नाही, एवढी एक सवलत आहे.

काही जण म्हणतात, जुनी गाडी आहे तर 'व्हिंटेज' म्हणून नोंदवू. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला तशी नोंदणी मिळते हे खरे. पण अशी गाडी रोजच्या वा धंद्याच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. कांदे वाहणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

आमची चूक

आमचे गाव संगमनेर तालुक्याच्या पठार भागात. वडिलांनी घेतलेली पिकअप १९९६ चे मॉडेल. २०११ साली मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि सुट्टीत घरी येऊन गाडी 'नवी' करण्याचा चंग मी बांधला. हाताशी पैसे थोडेच होते. त्यातून रंग काढला, सीटला कव्हर शिवले, दोन तोंडांचा हॉर्न बसवला, पुढे लोखंडी गार्ड लावले. गाडी खरोखर देखणी झाली. ब्रेकचे पायडल जरा खाली जात होते. तालुक्यातल्या एका गॅरेजवाल्याला दाखवले. त्याने भांड्यात काहीतरी तेल ओतून दिले, आणि काम झाले असे आम्हीही समजलो.

तीन आठवड्यांनी कांद्याच्या गोण्या भरून चंदनापुरी घाट उतरत होतो. जुना दुपदरी रस्ता होता. दुसऱ्या वळणावर पायडल सरळ तळाला टेकले. वडील शेजारी बसले होते, ते एवढेच म्हणाले, "गिअर खाली घे, डोंगराला लाव." गाडी दुसऱ्यात आली, नंतर डाव्या चरात घातली, मडगार्ड कातळाला घासत गेले आणि पन्नास-साठ पावलांवर ती थांबली. समोरून एसटी येत होती. दोघांच्याही अंगावर ओरखडा नाही. नवा रंग मात्र एका बाजूने पार उतरला.

नंतर ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाके खोलली त्यांनी एक रबरी कप माझ्या तळहातावर ठेवला. तो फुगून लिबलिबीत झाला होता. ते म्हणाले, "भाऊ, गाडी चालू झाली नाही तर घरी राहते. थांबली नाही तर कुठं जाते, ते बघितलं ना?"

शंभरातले किती कुठे

तेव्हापासून कोणी विचारले की मी वाटणी अशी सांगतो. दुरुस्तीला शंभर रुपये असतील तर तीस ब्रेक, स्टिअरिंग व टायरला ठेवावेत, पंधरा चॅसी आणि केबिनच्या वेल्डिंगला, पंचवीस इंजिन, पंप व रेडिएटरला, दहा वायरिंग-बॅटरीला, दहा हौदा आणि रंग मिळून. उरलेले दहा बाजूला बांधून ठेवावेत, कारण जुनी गाडी खोलल्यावर आत काय निघेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते. इंजिनच पूर्ण बांधावे लागणार असेल तर ही वाटणी मोडते. तेव्हा पुन्हा पहिल्या वहीकडे जावे.

ब्रेक

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते मुळात ऑइल नव्हेच. इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा डिझेलचा अंश जरी त्यात गेला तरी मास्टर सिलिंडर आणि चाकांतल्या सिलिंडरांचे रबरी कप फुगतात. आमच्या गाडीत तेच झाले. म्हणून डब्यावर 'डॉट ३' किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार बघून सीलबंद डबाच घ्यावा. सुटे भाग डिझेल-पेट्रोलने धुऊ नयेत, ब्रेक ऑइलनेच किंवा स्पिरिटने पुसावेत. हे द्रव हवेतले पाणी शोषून घेते. पाणी मुरले की उतारावर ड्रम तापल्यावर त्याची वाफ होते आणि पायडल स्पंजासारखे लागते. शिवाय आतून गंज चढतो तो वेगळाच. दोन वर्षांनी सगळे काढून नवे भरावे. चार वर्षे उभ्या असलेल्या गाडीत जुने तेल तसेच ठेवून नुसती भर घालणे म्हणजे आमचाच घाट पुन्हा उतरणे होय.

जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांना मिळून एकच नळी-जाळे असते. एका चाकाकडे नळी फुटली की चारही ब्रेक गेले. तेव्हा लोखंडी नळ्या हाताने चाचपून बघा, विशेषतः चॅसीला क्लिप लावली आहे तिथे, कारण गंज तिथेच लपतो. पुढच्या चाकांच्या रबरी होस पाइपला वाकवून पाहिल्यावर चिरा दिसल्या तर विचार न करता बदला. लायनर रिव्हेटपर्यंत झिजले असतील तर चारही चाकांचे बदला, नुसत्या एका बाजूचे बदलले तर गाडी ओढते. ड्रम लेथवर टर्न करता येतो, पण पुन्हा पुन्हा केल्याने तो पातळ होतो. मर्यादा ओलांडलेला ड्रम घेऊ नका. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात.

आता हँडब्रेकची एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते. जीपच्या घराण्यातल्या अनेक जुन्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवरच्या ड्रमला असतो. चालत्या गाडीत तो ओढू नये, शाफ्ट आणि गिअर दोघांनाही झटका बसतो. दुसरे त्याहून महत्त्वाचे. अशा गाडीचे मागचे एकच चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळे फिरते, आणि हँडब्रेक पुरता ओढलेला असूनही गाडी घरंगळते. गाडी जॅकवरून पडून खाली काम करणारा माणूस जायबंदी होतो तो असा. म्हणून जॅक लावण्यापूर्वी जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. घोडी नसेल तर रेल्वे-स्लीपरसारखे जाड ओंडके चालतील. विटा मात्र नकोत, वीट भाराने एकदम फुटते.

चॅसी आणि खताचा गंज

चॅसी सडलेली असेल तर बाकीचे सगळे फुकट. लहान हातोडी घेऊन दोन्ही लांब पट्ट्या ठोकत जा. निरोगी लोखंड ठणठणीत वाजते, सडलेले भद्द आवाज देते. मागच्या कमानीचे ब्रॅकेट, आडव्या पट्ट्यांचे सांधे आणि हौद्याखालचे भाग विशेष बघा. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. पापुद्रे निघून टोक आत घुसले तर तो भाग गेला.

आपल्या गाड्या शहरातल्या गाड्यांपेक्षा लवकर का सडतात? कारण आपणच. युरिया, अमोनियमची खते आणि पोटॅश हवेतला ओलावा ओढून घेतात. गोणीतून सांडलेला चुरा हौद्याच्या फटीत बसतो, दमट होतो आणि त्याचे खारट पाणी लोखंडाला खात राहते. म्युरिएट ऑफ पोटॅशमधला क्लोराइड तर मिठाचाच भाऊ. ओले शेणखतही तेच करते. म्हणून खत किंवा शेणखत वाहिल्यावर त्याच दिवशी हौदा आणि खालची चॅसी भरपूर पाण्याने धुवावी व गाडी उन्हात उभी करावी. याला खर्च काही नाही. पण दहा वर्षांत चॅसीचा जेवढा फरक यामुळे पडतो तेवढा कुठल्याही महागड्या रंगाने पडत नाही.

चॅसीला तडा असेल तर नुसती वरून काडी ओढू नका. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडावे म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग कडा 'व्ही' आकारात घासून वेल्डिंग भरावे आणि वर पट्टी लावावी. पट्टीची टोके निमुळती, शंकरपाळ्यासारखी हवीत. सरळ आडवे वेल्डिंग चॅसीच्या वरच्या-खालच्या कडेवरून ओलांडून नेले तर नवा तडा बरोबर तिथूनच सुरू होतो. काडी ७०१८ नंबरची, कोरडी घ्यावी. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा, डिझेल टाकी उतरवून दूर ठेवा आणि पाण्याची बादली जवळ असू द्या.

कमानीत जादा पाटा घालण्याची आपल्याकडे फार हौस. पाटा वाढवला म्हणून अ‍ॅक्सल, ब्रेक आणि टायर यांची ताकद वाढत नाही. मागून गाडी झुकत नाही एवढेच, त्यामुळे जास्त भरले आहे हे डोळ्यांना कळेनासे होते. बुश आणि शॅकल पिना बदला, तुटका पाटा असेल तर तोच बदला आणि तिथेच थांबा.

ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर सगळे जण आधी चाकांचे बॅलन्सिंग करायला धावतात. ते करावेच, पण आधी बॉल जॉइंट, किंगपिन, चाकाचे बेअरिंग आणि कमानीचे बुश यांतला खेळ तपासावा. पुढचे चाक जॅकवर घेऊन, बाकी चाकांना ठोकळे लावून, वर-खाली धरून हलवले की घरच्या घरी कळते.

इंजिन : ट्रॅक्टरचा मावसभाऊ

इथे आपल्या बाजूने एक गोष्ट आहे. अशा अनेक पिकअपना २,५२३ सीसीचे चार सिलिंडरचे डीआय इंजिन असते. त्याचे मूळ ट्रॅक्टरात आहे. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली, बी-२७५ हा ट्रॅक्टर तिचाच. ती कंपनी १९७७ मध्ये महिंद्र अँड महिंद्रमध्ये मिसळली, आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाची जात पुढे जीप-पिकअपमध्ये उतरली. सिलिंडरचा व्यास साडेतीन इंच आणि स्ट्रोक चार इंच, म्हणजे ८८.९ आणि १०१.६ मिलिमीटर. त्यामुळे ज्या मिस्त्रीने तुमचा महिंद्रा ट्रॅक्टर खोलून बांधला आहे त्याला हे इंजिन परके वाटत नाही. शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी ओढून नेण्याआधी त्याला बोलवा.

पण मावसभाऊ म्हणजे जुळा भाऊ नव्हे. ट्रॅक्टरचे इंजिन काढून पिकअपमध्ये बसवण्याच्या फंदात पडू नका. त्याची चाल कमी फेऱ्यांची असते, पंपाची जोडणी वेगळी असते, आणि आरटीओच्या आधीच्या परवानगीशिवाय इंजिन बदलणे कायद्यालाही मंजूर नाही. अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडतो.

इंचाची आठवण पान्यांनाही ठेवा. जुन्या जीपच्या घराण्यात इंची नट-बोल्ट भरपूर सापडतात, नंतरच्या भागांत मिलिमीटरचे मिसळलेले असतात. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३ चा पाना बसतो, पण सैल बसतो, आणि गंजलेला नट जोर लावताच गोल होतो. मग छिन्नी आणि शिव्या! दोन्ही मापांचे रिंग पाने जमवा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल सोडून ठेवा.

इंजिन खोलायचे की नाही हे धुरावर आणि तेलावर ठरवा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हकडे संशय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे एअर फिल्टर, नोझल किंवा पंप. सुरू केल्यावर थोडा वेळ पांढरा धूर चालतो. इंजिन गरम होऊनही तो थांबला नाही तर एक तर डिझेल नीट जळत नाही, नाही तर सिलिंडरमध्ये पाणी येते आहे. डिपस्टिकवर तेल ताकासारखे दिसले किंवा रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे आले तर हेडच्या पॅकिंगची गोष्ट आहे. रेडिएटर थंड असतानाच झाकण उघडावे, हे वेगळे सांगायला नको.

माझे मत असे की चार गाड्यांतल्या दोन गाड्यांचे इंजिन विनाकारण खोलले जाते. आधी एअर फिल्टर साफ करा (जुन्या प्रकारच्या तेलाच्या वाटीत गाळ साचलेला असतो, तो काढून नवे तेल खुणेपर्यंत भरा), टाकी उतरवून धुवा, डिझेल फिल्टर बदला, नोझल पंपवाल्याकडे तपासून घ्या, व्हॉल्व्हचे अंतर लावून घ्या. एवढ्याने गाडी पुष्कळदा बोलू लागते. चार वर्षे उभे असलेले इंजिन मात्र एकदम सेल्फ मारून फिरवू नका. जुने ऑइल काढून नवे भरा, नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी हाताने फिरवून बघा. रिंगा धरल्या असतील तर सेल्फच्या झटक्याने त्या तुटतात.

सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईच्या कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळतात, जिल्ह्याच्या गावीही मिळतात. केबिनचा दरवाजा, बोनेट, रेडिएटरची जाळी असे भाग जुने घेण्यास हरकत नाही. ब्रेकचे भाग, बॉल जॉइंट आणि होस पाइप नवेच घ्या. जुना गिअरबॉक्स किंवा इंजिनचा भाग घेतला तर दुकानाची पावती सोडू नका. चोरीचा माल निघाला तर पावतीच वाचवते.

वायरिंगबद्दल थोडक्यात सांगायचे तर, दहा ठिकाणी टेप लावलेले जाळे दुरुस्त करीत बसण्यापेक्षा सगळे नवे घाला, प्रत्येक फाट्याला फ्यूज ठेवा आणि इंजिन ते चॅसी ही जाड अर्थिंगची पट्टी घासून घट्ट बसवा. सेल्फ दमल्यासारखा फिरतो तेव्हा दोष बॅटरीचा नसून बऱ्याचदा त्या गंजलेल्या पट्टीचा असतो.

हौदा आपल्या मालाच्या मापाने

हौस करायची तर इथे करा. पण आधी आरसीवर बघा. भारासह वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की किती भरता येते ते कळते. समजा ते १,१०० किलो आले. टोमॅटोचा २० किलोचा क्रेट, क्रेटच्या वजनासह २२ किलो धरा. दोन माणसांचे १३२ किलो वजा केले की उरतात ९६८, म्हणजे बरोबर ४४ क्रेट.

आता हौद्याचा तळ गंजला म्हणून गॅरेजवाला सांगतो, त्यावरच नवा ३ मिलिमीटरचा पत्रा मारू. अशा पत्र्याचा एक चौरस मीटर साडेतेवीस किलो भरतो. सव्वादोन मीटर लांब, दीड मीटर रुंद हौद्याला झाले जवळपास ८० किलो. म्हणजे आयुष्यभर प्रत्येक खेपेला चार क्रेट कमी! वर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साठून खालचा पत्रा आणखी वेगाने सडतो. जुना पत्रा कापून काढा आणि मगच नवा बसवा. दोन-चार ठिकाणी पाणी निथळायला भोके ठेवा. क्रेट वाहणाऱ्याने हौद्याची आतली रुंदी प्रत्यक्ष क्रेट मांडून बघावी. तीन बोटे कमी पडली म्हणून एक ओळ बसत नाही, असे होते. बाजूला हलक्या अँगलची जाळी नट-बोल्टने बसवा, वेल्डिंगने नको, म्हणजे कडबा न्यायचा तेव्हा काढता येते. ताडपत्रीसाठी कमानी केल्या तर द्राक्ष आणि पालेभाजीला ऊन लागत नाही. कोपऱ्यांत दोर बांधायच्या कड्या आठ तरी हव्यात.

उंची, लांबी, रुंदी आरसीवर आहे त्याबाहेर नेऊ नका. कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे चालत नाही. रंग बदलला तरी आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. पुढचे लोखंडी गार्ड काढून टाकण्याबद्दल केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्ये राज्यांना कळवले आहे. आमचे गार्ड चंदनापुरीच्या चरातच वाकले होते, ते पुन्हा लावले नाही. मुलाला हवे असलेले रुंद टायर मडगार्डबाहेर आले तर फिटनेसला अडतील, आणि स्टिअरिंगही जड होईल. मागे-पुढे रिफ्लेक्टर पट्ट्या मात्र पुरेपूर लावा. ऊसतोडीच्या दिवसांत रात्रीच्या रस्त्यावर त्यांचे मोल कळते.

आणि हौद्यात माणसे बसवू नका. लग्न असो, जत्रा असो, मजुरांची ने-आण असो. मालवाहू गाडीत बसवलेल्या माणसांना विमा कंपनी भरपाई नाकारते, आणि ती जबाबदारी मालकाच्या शेतीवर येऊन पडते. घरच्या बायाबापड्यांनाही हेच लागू आहे. ज्या हौद्यातून कीटकनाशकाचे डबे आणले त्यातूनच भाजी किंवा वैरण न्यायची असेल तर तो आधी धुवावा.

रंग सर्वांत शेवटी. गंज तारेच्या ब्रशने उघडा लोखंड दिसेपर्यंत काढा, तोंडाला फडके बांधा, जुन्या रंगाची धूळ चांगली नसते. पुसून कोरडे करून त्याच दिवशी प्रायमर द्या, रात्रभर उघडे ठेवले तर सकाळी पुन्हा तांबूस झालेले असते. चॅसीला डांबरी लेप द्यायचा तोही गंज काढल्यावरच, नाही तर गंज आत कोंडला जाऊन वाढतो. पावसाळ्यात दमट हवेत रंग मारला की त्यावर पांढरट झाक येते. म्हणून पाऊस असेपर्यंत शेडमध्ये इंजिन-ब्रेकची कामे उरकावीत आणि दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत रंग घ्यावा.

गाडी तयार झाली की पहिल्याच दिवशी माल भरू नका. रिकामी घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात दहा-बारा वेळा ब्रेक मारून बघा, सरळ थांबते का, पायडल दर वेळी तेवढ्याच उंचीला राहते का. घरी येऊन चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का ते हाताने पाहा. पन्नास-साठ किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट आणि कमानीचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. मग अर्धा भार घेऊन जवळच्या आठवडे बाजाराला जा. घाटाचा बाजार त्यानंतरच्या आठवड्यात.